पाठीवरून लावलेला क्रम : जागतिक प्रदर्शनांच्या चित्रकार्डांच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

शाहूपुरीतील आण्णांनी जागतिक प्रदर्शनांच्या जुन्या चित्रकार्डांचा आपला संग्रह यादी करण्यासाठी आणि दिवाळीपूर्वी आमच्या पेठेतील वाचनालयात मांडण्यासाठी माझ्याकडे सोपवला असून, त्या कामाच्या नोंदी आजपासून ठेवत आहे. आण्णा मूळचे तिकीटसंग्राहक. कार्डांकडे ते तिकिटांमुळेच वळले. मात्र त्यांनी अल्बम लावला आहे तो चित्रांच्या हिशेबाने, म्हणजे मनोरे एका ठिकाणी, कारंजी दुसऱ्या ठिकाणी आणि पाळणे तिसऱ्या ठिकाणी. बघायला हा क्रम छान वाटतो, परंतु त्यातून कोणते कार्ड प्रदर्शन चालू असताना विकले गेले आणि कोणते नंतर कोणी आठवण म्हणून छापले, हे मुळीच कळत नाही. म्हणून मी सगळी कार्डे अल्बममधून काढून त्यांच्या पाठीवरून, म्हणजे पत्ता लिहिण्याच्या बाजूवरून, नव्याने लावणार आहे. आण्णांना हा बेत फारसा रुचलेला नाही, पण त्यांनी अडवलेले नाही.

संग्रहाची सुरुवात लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनापासून करता येत नाही, कारण हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा काचमहाल उभा होता तेव्हा टपाल कार्ड ही वस्तूच जगात नव्हती. पहिले सरकारी कार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले, आणि आपल्याकडे पाव आण्याचे कार्ड १ जुलै १८७९ पासून मिळू लागले. त्या कार्डांवर चित्र नव्हते. चित्र आणि प्रदर्शन यांची गाठ १८८९ मध्ये पॅरिसला पडली. आयफेल मनोऱ्यावर लिबोनी या कोरककाराच्या चित्रांची कार्डे विकली गेली आणि लोकांनी ती तिथूनच घरी धाडली. आण्णांकडे हे कार्ड नाही. त्यामुळे आपला आरंभ १८९३ च्या शिकागोपासून आणि शेवट १९३९ च्या न्यूयॉर्कपाशी, अशी मर्यादा ठरवली आहे.

११ जून २०२४

पाऊस सुरू झाला आहे. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधील दमट हवेत कागदाची काय दशा होते ते इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही, म्हणून यादीच्या आधी साठवणुकीचे काम हाती घेतले. जुन्या अल्बमची पाने पीव्हीसीची होती. हे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेले असते ते काही वर्षांनी बाहेर येऊन पृष्ठभाग चिकट होतो, आणि तो चिकटपणा छपाईची शाई ओढून घेतो. काही कार्डांचा रंग पानाला लागलेला प्रत्यक्ष दिसला. आता प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या स्वतंत्र पाकिटात घालून आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे ठेवले आहे. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत आणि खोके कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर आहे.

महाद्वार रोडवरील एका दुकानदाराने सगळी कार्डे लॅमिनेट करून देण्याची तयारी आपुलकीने दाखवली. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक कागदातून पुन्हा काढता येत नाहीत, आणि तसे केलेले कार्ड संग्राहकाच्या दृष्टीने संपलेच, हे त्यांना समजावून सांगितले. नोंद क्रमांक कार्डावर न लिहिता पाकिटावर लिहावा, आणि कार्डावर काही लिहिणे अटळच असेल तर ते मऊ शिसपेन्सिलीने पाठीच्या कोपऱ्यात लिहावे, असा नियम पुतणीला घालून दिला आहे. दोन्ही बाजूंचे स्कॅनिंग तीच करणार आहे, दर इंचाला ६०० ठिपके या प्रमाणाने.

२४ जून २०२४

शिकागोची कार्डे आज पूर्ण झाली. कोलंबसच्या प्रवासाला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने भरलेले हे प्रदर्शन १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ असे चालले आणि सुमारे २ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिले. चार्ल्स गोल्डस्मिथ याने तिथे रंगीत शिळाछाप चित्रांची अधिकृत कार्डे विकली. अमेरिकेत व्यापारी तत्त्वावर निघालेली ही पहिली चित्रकार्डे मानली जातात. ती यंत्रात नाणे टाकूनही मिळत.

या कार्डांची पाठ नीट पाहिली की त्या काळातील टपालाचे गणित उलगडते. गोल्डस्मिथने स्वतःचा कोरा पुठ्ठा वापरलेला नाही, तर माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे चित्र असलेले सरकारी एक सेंटचे कार्ड घेऊन त्याच्या लिहिण्याच्या बाजूवर चित्र छापले आहे. त्याचे कारण असे की सरकारी कार्ड एका सेंटात जात असे, परंतु खाजगी छापलेल्या कार्डाला लिफाफ्यातील पत्राइतके म्हणजे दोन सेंट पडत. ही तफावत १९ मे १८९८ च्या कायद्याने संपली. तेव्हापासून खाजगी कार्डांच्या पाठीवर ‘प्रायव्हेट मेलिंग कार्ड’ हे शब्द आणि त्या कायद्याची तारीख छापलेली असते. पुढे २४ डिसेंबर १९०१ पासून नुसते ‘पोस्ट कार्ड’ छापण्याची मुभा मिळाली. पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहिण्याची परवानगी अमेरिकेत १ मार्च १९०७ रोजी आली. तोपर्यंत पाठीवर फक्त पत्ता लिहायचा असल्याने लोक चित्राच्या कडेने, आभाळात, तळ्याच्या पाण्यावर, मिळेल त्या जागी चार शब्द बसवत. आण्णांच्या मते असे लिहिलेले कार्ड खराब झालेले असते आणि बाजारातही कोऱ्या कार्डाला जास्त भाव येतो. माझे मत उलट आहे. कोरे कार्ड दुकानातून निघाले एवढेच सांगते. लिहिलेले, तिकीट लावलेले आणि शिक्का बसलेले कार्ड मात्र कोणी, कोणत्या दिवशी, कुठून पाठवले याचा पुरावा असते.

कोल्हापुरात ही कार्डे पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : स्वामी विवेकानंदांनी भाषण केले ते सभागृह यात कुठे आहे? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण स्वामीजी १८९२ मध्ये कोल्हापूरला येऊन गेले होते आणि पुढच्या वर्षी ११ सप्टेंबरला शिकागोत बोलले. पण सर्वधर्म परिषद प्रदर्शनाच्या मैदानावर, म्हणजे जॅक्सन पार्कमध्ये, भरलेलीच नव्हती. ती शहराच्या मध्यभागी आज आर्ट इन्स्टिट्यूट असलेल्या इमारतीत झाली. गोल्डस्मिथच्या कार्डांवर दिसतात त्या मैदानावरच्या पांढऱ्या इमारती, आणि त्यांतील बहुतेक लाकूड-लोखंडाच्या सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाचे धागे यांच्या मिश्रणाने लिंपलेल्या होत्या. पुष्कळशा १८९४ मधील आगींत गेल्या. मांडणीतील टिपणात हे स्पष्ट लिहायला हवे, नाहीतर बघणारे मैदानावरच ते सभागृह शोधत राहतील. त्याच टिपणात राजा रविवर्म्यांनी या प्रदर्शनाला दहा चित्रे पाठवली होती आणि त्यांना तिथे पारितोषिके मिळाली, याचाही उल्लेख करावा असे ठरवले आहे.

८ जुलै २०२४

संशयित कार्डांचा गठ्ठा आज तपासला. यासाठी दोन साधने पुरतात : दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि नोटा तपासण्याचा जांभळा दिवा. असा दिवा लक्ष्मीपुरीत कोणत्याही व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर सापडतो. मूळ रंगीत शिळाछाप कार्ड भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक रंग स्वतंत्र दगडावरून उठलेला दिसतो, त्याचे दाणे ओबडधोबड असतात आणि रंगांच्या कडा किंचित सरकलेल्या असतात. आधुनिक पुनर्मुद्रणात चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी, फुलासारखी नक्षी सर्वत्र पसरलेली असते. दिव्याची कसोटी याहून सोपी आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती द्रव्ये साधारण १९५० च्या सुमारास वापरात आली, त्यामुळे १८९३ चे म्हणवणारे कार्ड त्या दिव्याखाली निळसर उजळले तर पुढची चर्चा करण्याचे कारण उरत नाही. जुना कागद मंद पिवळसर राहतो. या कसोटीने गठ्ठ्यातील बरीच कार्डे बाजूला निघाली आणि आण्णांनी ती शांतपणे पुतणीला खेळायला देऊन टाकली.

फेरिसच्या महाचक्राची कार्डे अधिक गुंतागुंतीची निघाली. जॉर्ज फेरिसने १८९३ साठी उभारलेले हे चक्र २६४ फूट उंच होते आणि त्याला प्रत्येकी साठ माणसे मावतील असे ३६ डबे होते. हेच चक्र सुटे करून १९०४ मध्ये सेंट लुइसच्या प्रदर्शनात पुन्हा उभे केले गेले आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. म्हणजे चक्राचे चित्र पाहून शिकागो की सेंट लुइस हे ठरवता येत नाही, मागची झाडे आणि इमारती पाहूनही खात्री पटत नाही. पाठीवर ‘पोस्ट कार्ड’ असे छापलेले असेल तर ते कार्ड १९०१ च्या डिसेंबरपूर्वीचे असण्याचा संभव नाही. आण्णांच्या अल्बममध्ये शिकागोच्या पानावर असलेली चक्राची सर्व कार्डे या न्यायाने सेंट लुइसच्या खोक्यात गेली.

२६ जुलै २०२४

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आहे. खोके आण्णांच्या घरून आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणले आहे. काम बंद. सिलिका जेल बदलले.

१२ ऑगस्ट २०२४

उजेडाच्या कार्डांना आज पूर्ण दिवस दिला, आणि तो सत्कारणी लागला असे वाटते. ही कार्डे दोन-तीन पदरांची असतात. वरच्या पदरात इमारतींच्या खिडक्या, दिवे, चंद्र यांच्या जागा बारीक साच्याने कापलेल्या असतात आणि मधल्या पदराला पिवळा किंवा तांबूस पातळ कागद लावलेला असतो. टेबलावर ठेवले तर साधे चित्र दिसते. दिव्यासमोर धरले की रात्रीचा देखावा उजळतो. विजेची रोषणाई हेच ज्या प्रदर्शनांचे मोठे आकर्षण होते, त्यांच्यासाठी हे तंत्र अगदी योग्य होते. पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात वीजमहाल होता, त्याच्या पुढे रंगीत प्रकाशाचे पाणमहाल होते. दुसरीकडे दोन वेगवेगळ्या गतींनी सरकणारा फिरता पदपथ होता. त्यावर चढण्यासाठी लोक आधी मंद पट्ट्यावर आणि मग वेगवान पट्ट्यावर पाऊल टाकत. सुमारे पाच कोटी लोक या प्रदर्शनाला आले. सरकत्या पदपथावर तोल सावरणाऱ्या बायाबाप्यांची विनोदी कार्डेही तेव्हा निघाली आणि ती मला भव्य इमारतींच्या कार्डांपेक्षा जास्त आवडतात.

सेंट लुइसच्या उजेडाच्या कार्डांवर सॅम्युएल कपल्स एन्व्हलप कंपनीचे नाव असते. प्रदर्शनाचे एकमेव अधिकृत लेखनसाहित्य विक्रेते अशी ती कंपनी स्वतःची ओळख छापत असे. याच कंपनीच्या चंदेरी पार्श्वभूमीच्या कार्डांचा चंदेरी थर बोटांच्या घामाने काळा पडतो, म्हणून ती हाताळताना सुती हातमोजे घालावेत, आणि पाकिटात घालताना कडा धरून सरकवावीत. उजेडाच्या कार्डांना दुसरा धोका आहे तो कसरीचा. पदर चिकटवण्यासाठी खळ वापरलेली असते आणि कसरीला तीच हवी असते. दोन कार्डांत खिडक्यांचा पातळ कागद कसरीने साफ केला आहे. आण्णांनी तो नव्या जिलेटीन कागदाने भरून काढावा असे सुचवले. मी नको म्हटले. कार्डाची दुरुस्ती विकताना झाकली जाते आणि पुढच्या मालकाची फसवणूक होते. आहे त्या स्थितीत ते स्वतंत्र पाकिटात ठेवले असून स्थितीच्या रकान्यात नोंद केली आहे.

फ्रान्समध्ये पत्ता आणि मजकूर यांची उभी विभागणी असलेली पाठ १९०३-०४ च्या सुमारास रूढ झाली. त्यामुळे १९०० च्या पॅरिसचे म्हणून आलेले, पण पाठीवर मधोमध रेघ असलेले कार्ड नंतरच्या छपाईचे ठरते. अशी कार्डे मांडणीतून वगळली आहेत.

२९ ऑगस्ट २०२४

लंडनच्या १९०८ च्या फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शनाची कार्डे संग्रहात सर्वांत जास्त आहेत. शेफर्ड्स बुश येथील पांढऱ्या इमारतींमुळे त्या जागेला ‘व्हाइट सिटी’ हे नाव पडले आणि त्या वर्षीचे ऑलिंपिकही तिथल्याच स्टेडियममध्ये झाले. डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीने अधिकृत कार्डे काढली. ब्रिटनमध्ये विभागलेली पाठ १९०२ पासूनच चालू होती, म्हणून इथे पाठीच्या रेघेचा उपयोग नाही. तारीख शिक्क्यावरून घ्यावी लागते. मजकूर आता पाठीवर आल्याने चित्राची बाजू पहिल्यांदाच पूर्ण मोकळी झाली, आणि प्रकाशकांनी ती कडेपर्यंत भरून काढली.

इम्रे किराल्फी या आयोजकाच्या या प्रदर्शनातील ‘मानाचा चौक’ म्हणजे तळ्याभोवती जाळीदार कमानी, छत्र्या आणि घुमट यांची रांग. पुतणीने ते कार्ड स्कॅनरवर ठेवताना विचारले, “काका, हा आपला नवा राजवाडा आहे का?” तिचे चुकले असे म्हणवत नाही. मेजर चार्ल्स मँट या वास्तुकाराने कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यासाठी जी मिश्र शैली वापरली, तिचीच ही लंडनमधील उत्सवी आवृत्ती आहे. फरक एवढाच की आपला राजवाडा काळ्या दगडात १८८४ मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे, लंडनचा चौक मात्र प्रदर्शनापुरता रचलेला देखावा होता.

मँटचे नाव निघाल्यामुळे संग्रहातील एका परक्या कार्डाची नोंद इथेच करतो. फ्लॉरेन्सच्या कॅशिने उद्यानातील ‘भारतीयाचे स्मारक’ दाखवणारे हे इटालियन कार्ड आहे. करवीरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी झाला आणि तिथे मँटच्या आराखड्याची छत्री उभी राहिली. तिच्याखालील अर्धपुतळा चार्ल्स फुलर याने घडवला. कार्डाचा जागतिक प्रदर्शनांशी काहीही संबंध नाही. नियमाप्रमाणे ते मांडणीत बसत नाही, आणि आण्णांनी दोनदा सांगूनही मी ते बसवणार नाही. यादीत मात्र त्याला स्वतंत्र क्रमांक दिला आहे.

२२ सप्टेंबर २०२४

गणेशोत्सवामुळे काम थांबले होते. आज वेम्बलीची कार्डे घेतली. ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शन २३ एप्रिल १९२४ रोजी उघडले, १९२५ मध्ये पुन्हा भरले आणि दोन्ही हंगाम मिळून सुमारे २ कोटी ७० लाख लोक येऊन गेले. ब्रिटनची पहिली स्मरणार्थ टपाल तिकिटे याच प्रदर्शनाची : एक पेनीचे लाल आणि दीड पेनीचे तपकिरी, दोन्हींवर सिंह. पुढच्या वर्षी तीच तिकिटे १९२५ हे वर्ष घालून निघाली, म्हणून तिकीट असलेल्या कार्डाचा हंगाम शिक्का पुसट असला तरी ठरवता येतो.

इथे एक सावधगिरी हवी. प्रदर्शनाची जाहिरात करणारा शिक्का इंग्लंडातील इतर टपाल कचेऱ्यांतही मारला जात असे, त्यामुळे शिक्क्यात वेम्बलीचे नाव आहे एवढ्यावरून ते कार्ड प्रदर्शनाच्या आवारात टाकले गेले असे मानता येत नाही. शिक्क्याच्या गोलातील कचेरीचे नाव वाचलेच पाहिजे.

भारतीय दालनाची पांढरी इमारत आणि तिच्यापुढील पाणी दाखवणारी कार्डे टक कंपनीसह अनेकांनी काढली. आण्णांकडील अशा एका कार्डावर दीड पेनीचे तपकिरी तिकीट आहे, पत्ता इंग्रजीत कोल्हापूरचा आहे आणि मजकूर मोडीत आहे. लंडनला शिकायला गेलेल्या कोणा तरुणाने थोरल्या भावाला लिहिले आहे. दालनाबद्दल एकच वाक्य असून बाकी सर्व पैशाच्या हुंडीविषयी आणि आईच्या प्रकृतीविषयी आहे. नाव आणि पत्ता मांडणीत झाकायचे ठरले. संग्रहातील सर्वांत मोलाचे कार्ड हेच आहे, असे मी आण्णांना सांगितले. त्यांनी बराच वेळ मोडी वाचली आणि “ह्याचा कोपरा दुमडलाय हो,” एवढेच म्हणाले.

६ ऑक्टोबर २०२४

शिकागोचे १९३३-३४ आणि न्यूयॉर्कचे १९३९ एका बैठकीत झाले. ही कार्डे तागाच्या कापडासारख्या उठावाच्या कागदावर भडक रंगांत छापलेली आहेत आणि त्यांची संख्या जगात एवढी आहे की त्यांवर जास्त शब्द खर्च करण्याचे कारण नाही. कर्ट टाइक कंपनीच्या कार्डांवरील सांकेतिक क्रमांक तेवढा उपयोगी : अंक हा वर्षाचा आणि त्यापुढील अक्षर दशकाचे, ‘ए’ म्हणजे १९३० चे आणि ‘बी’ म्हणजे १९४० चे. ‘३ए’ म्हणजे १९३३. न्यूयॉर्कच्या त्रिकोणी मनोऱ्याची आणि गोलाची कार्डे मुलांना आवडतील म्हणून थोडी घेतली.

२० ऑक्टोबर २०२४

मांडणीची पाने तयार झाली. कार्ड पानाला चिकटवलेले नाही, पारदर्शक कोपऱ्यांत अडकवले आहे. दोन्ही बाजू दाखवण्याचा प्रश्न होता, कारण प्रेक्षकाला कार्ड उलटून पाहता येणार नाही. तिकीट प्रदर्शनांचा संकेत पाळून प्रत्येक कार्डाच्या पाठीची छायाप्रत मूळ आकारापेक्षा २५ टक्के लहान करून शेजारी लावली आहे, म्हणजे प्रत ही प्रत आहे हे दुरूनही कळते. मोडी कार्डाच्या बाबतीत उलट केले आहे. तिथे मूळ कार्डाची पाठ पुढे आहे आणि भारतीय दालनाचे चित्र छायाप्रतीत आहे. वाचनालयाचे ग्रंथपाल या पानापाशी थांबले, त्यामुळे आण्णांचा विरोध थोडा नरमला आहे.

पहिले पान १८८९ साठी रिकामे आहे. परदेशातील एका विक्रेत्याकडे लिबोनीचे कार्ड असल्याचे कळले आणि आण्णा किंमत देण्यास तयार आहेत. या कार्डांची पुनर्मुद्रणे भरपूर फिरतात, आणि विक्रेत्याने आतापर्यंत फक्त मनोऱ्याच्या बाजूची छायाचित्रे पाठवली आहेत. पाठीचे छायाचित्र, तिकिटासह आणि शिक्क्याच्या तारखेसह, पाठवावे असे आज पुन्हा कळवले. ते येईपर्यंत पैसे पाठवायचे नाहीत, हे आण्णांनी मान्य केले आहे.